एकवीस ओळी गेल्या कुठे?

१

बोअरमधून मोटर वर यायच्या आधी जळक्या वायरीचा वास वर आला आणि भीमराज साळवे यांना पुढचं सगळं कळून चुकलं. तरीही त्यांनी मोटर पूर्ण वर काढून घेतली, उताणी केली आणि नाक जवळ नेऊन हुंगली. अठ्ठावीस वर्षं मोटरी दुरुस्त करणाऱ्या माणसाला एवढी खोड असायचीच.

"गेली?" छबूबाई तोरडमल यांनी विचारलं. कर्जतच्या अलीकडे त्यांची लिंबाची बाग होती आणि बागेला दोन बोअर.

"गेली, मावशी. कोरडी फिरली."

"आन् तुमचं यंत्र काय करीत हुतं? बोअरचं पानी तुटलं की मोटर आपोआप बंद हुती, आसं तुमीच सांगून गेल्ता. म्या त्याच्या भरवशावर लिंबं तोडाया गेले, आन् हितं मोटर दोन तास वारा पीत बसली!"

ते यंत्र, म्हणजे स्टार्टर, भीमराजांच्याच कंपनीचा होता, बसवला होता त्यांनीच, आणि आपोआप बंद होण्याचं कौतुकही त्यांनीच चहा पीत पीत केलं होतं.

"आन् आता हिकडं या," म्हणत छबूबाईंनी त्यांना हाताला धरून दुसऱ्या बोअरकडे नेलं. तिथंही तसाच हिरवा डबा होता. "ह्यो पोळ्याला घेतलेला. ह्यो दिवसातून धा येळा मोटर बंद करतोय, पानी साचलं की परत चालू. तो जळका दिवाळीला घेतलेला. दोनी तुमचेच, दोनी एका रंगाचे. मंग एक शाना आन् एक येडा, ह्यो काय परकार हाय?"

भीमराजांनी दोन्ही डबे उघडून पाहिले. तीच पाटी, तीच चिप, त्याच वायरी. मार्च महिन्यातली ही पाचवी मोटर. पाचही ठिकाणी बोअर कोरडी पडली होती आणि पाचही ठिकाणी स्टार्टर ढिम्म बसून राहिला होता. त्यांचं डोकं भणभणायला लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. नगरहून कंपनीचे मालक अमृतशेठ बोलत होते.

"भीमराज, लगेच निघा. मोटरी कोण जाळतंय ते सापडलं. आपली सीमा."

२

नगरच्या एमआयडीसीतली अमृत दरेकरांची कंपनी तशी लहान. पुढे ऑफिस, मध्ये स्टार्टर जोडणाऱ्या बायकांची टेबलं, मागे एक छोटी खोली. माल दोन प्रकारचा. शेतातल्या बोअरसाठी मोठा स्टार्टर आणि घरावरच्या टाकीसाठी छोटा. कंपनीत सगळे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायचे.

अमृतशेठ केबिनमध्ये येरझाऱ्या घालत होते. माणूस वाईट नव्हता, पण रागावला की त्याला आधी निकाल लागायचा आणि मग पुरावा.

"दिवाळीच्या तोंडावर तिनं स्टार्टरच्या कोडमध्ये बदल केला," ते म्हणाले. "तिथून पुढं गेलेले दोनशे चाळीस थोरले स्टार्टर आंधळे आहेत. थंडीपर्यंत बोअरना पाणी होतं म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. आता उन्हाळा लागला आणि एकेक मोटर जळायला लागली."

"पण ती मुद्दाम कशाला करंल शेठ?"

"पार्थ कुलथे कुठे गेला? पुण्याला, आपल्यासारखाच माल बनवणाऱ्या कंपनीत. ही अजून त्याच्याशी फोनवर बोलते, मी स्वतः ऐकलंय. आणखी काय पाहिजे?"

पार्थ हा कंपनीचा पहिला इंजिनिअर. मूळ कोड त्यानंच लिहिला आणि श्रावणात शेठशी भांडून तो निघून गेला. त्याच्या हाताखाली शिकलेली सीमा गागरे तेव्हापासून एकटीच ते काम बघत होती. बेलापूरची पोर, पहिलीच नोकरी.

शेठनी ड्रॉवरमधून एक टाईप केलेला कागद काढला. सीमाला कामावरून काढल्याचं पत्र होतं ते. कारण लिहिलं होतं, 'कंपनीच्या मालात हेतुपुरस्सर बिघाड.' असं पत्र घेऊन ती कुठल्या कंपनीच्या दारात उभी राहणार होती?

"सही उद्या पाच वाजता करणार," शेठ म्हणाले. "ती रडून सांगते की मी काही केलं नाही. तुमच्याशी सगळे मोकळेपणानं बोलतात. तिनं हे कसं केलं तेवढं मला शोधून द्या, किंवा दुसरं कोणी असेल तर त्याचं नाव द्या."

"मला कोडमधलं ओ की ठो कळत न्हाई, शेठ."

"मला तरी कुठं कळतंय?" शेठ म्हणाले, आणि ते मात्र अगदी खरं होतं.

३

सीमा लॅपटॉपसमोर बसली होती. डोळे सुजलेले, पण आवाज शाबूत.

"काका, तुम्हीच वाचा." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "ह्या एकवीस ओळी. मोटरचा करंट एकदम उतरला तर समजायचं की पाणी संपलं. वीस सेकंद थांबायचं आणि मोटर बंद करायची. मी ह्यांना हातही लावलेला नाही. मी फक्त शेतकऱ्याला जाणारा मेसेज सोपा केला. 'ड्राय रन फॉल्ट' असा इंग्रजी मेसेज जायचा, त्याचं 'पाणी संपले, मोटर बंद' केलं."

भीमराजांनी चष्मा चढवून ओळी मोजल्या. एकवीस भरल्या. त्यातलं अक्षरही कळलं नाही, पण मोजायला काय लागतं?

"आता हे बघा." सीमानं लॅपटॉपवरून एका थोरल्या स्टार्टरच्या चिपमध्ये कोड भरला आणि तो तपासणीच्या टेबलावर नेला. तिथं मोटरीच्या जागी चार बल्ब जोडलेले असायचे. चारही पेटले की मोटर पाणी ओढतेय असं समजायचं, तीन काढून घेतले की बोअर कोरडी पडली. तिनं तीन बल्ब काढले. वीस सेकंदांनी खटकन आवाज झाला आणि चौथा बल्बही विझला. स्टार्टरनं मोटर बंद केली होती.

"आता गोदामातला घ्या. तोच कोड आहे."

भीमराजांनी गोदामातून खोकंबंद थोरला आणला. तीन बल्ब काढले. वीस सेकंद गेले, मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली. चौथा बल्ब मजेत जळत राहिला.

"दोन्हींत ह्याच एकवीस ओळी?"

"ह्याच. शंभर वेळा बघितलं. मला वेड लागायची पाळी आलीय, काका." आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला फुटलं.

भीमराजांना तिची दया आली आणि लगेच संशयही आला, कारण रडता कोणालाही येतं. ते तपासणीवाल्या जयमालाताईंकडे वळले. कंपनीत सगळ्यांत जुनी बाई, तिच्या हाताखालून गेल्याशिवाय माल बाहेर पडत नसे.

"जयमालाताई, तुमी ही बल्बाची टेस्ट प्रत्येक डब्याला करता का?"

"न्हाई भाऊ. रोजच्या डब्यांना चालू-बंद आन् मेसेज, एवढंच. ही टेस्ट फक्त कोड बदलला की एका डब्यावर, आसं पार्थसायबांनी घालून दिलेलं. दिवाळीआधी सीमाताईनी नवा कोड भरून डबा आनला, म्या तपासला, पास झाला."

"तो कुठून भरला हुता?"

"तिच्या लॅपटॉपवरनं."

"आन् बाकीचे दोनशे चाळीस?"

"ते नेहमीपरमानं. भटारखान्यातनं फाईल येती, तीच मी चिपीत भरती."

मागच्या छोट्या खोलीला पार्थनं ते नाव ठेवलं होतं. सीमा लॅपटॉपवर लिहायची तो नुसता शिधा. तो शिजवून चिपच्या पोटात जाणारी फाईल बनवायचं काम तिथला एक जुना काळा कॉम्प्युटर करायचा. रात्रंदिवस चालू असायचा, कारण भीमराजांनीच त्याला तगडा इन्व्हर्टर बसवून दिला होता.

भीमराज त्या खोलीत गेले. कॉम्प्युटर घरघरत होता. त्याच्या कपाळपट्टीवर चिकटपट्टीचे चार चौकोनी डाग होते, आणि मधोमध पिवळट काहीतरी. कोणाच्या तरी डब्यातला रस्सा उडाला असावा. त्यांनी तो बोटानं पुसला, तो गेला नाही.

"ताई, ह्या खोलीत दिवाळीच्या आगंमागं काय झालं हुतं का? कोण आलं, गेलं, मशीन उघडलं?"

"काय बी न्हाई," जयमालाताई ठामपणे म्हणाल्या. "कुनी हातबी लावला न्हाई त्याला."

४

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी अंघोळ करताना भीमराजांना जुनी आठवण आली. रिवाइंडिंगच्या दुकानात असताना एक कारागीर मोटरीत तांब्याची तार कमी भरायचा. बाहेरून कळायचं नाही. वेढे मोजायचे तर मोटर फोडायला लागायची. शेवटी भीमराजांनी मोटरी तराजूवर ठेवल्या आणि चोर सापडला.

कंपनीत पोचताच त्यांनी सीमाला विचारलं, "फायलीला वजन असतं का?"

"वजन नाही, पण साईज असते काका. किती केबी आहे ते."

"मग भटारखान्यातल्या सगळ्या फायली वजनावर घाल."

सीमाचे डोळे मोठे झाले. "हे मला का नाही सुचलं?" ती खोलीत पळाली. जुन्या फायली तारखेवार जपून ठेवलेल्या होत्या. आषाढातली थोरल्याची फाईल दोनशे बारा केबी, श्रावणातली दोनशे बारा, पितृपक्षातली दोनशे बारा. मग एकदम दोनशे सहा, आणि तिथून आजपर्यंत दोनशे सहाच.

"सहा केबी कमी," सीमा पुटपुटली. "म्हणजे त्या ओळी खरंच आत गेल्याच नाहीत."

भीमराजांना क्षणभर हुरूप आला. मग त्यांनी पहिल्या हलक्या फाईलची तारीख विचारली.

सीमानं पडदा त्यांच्याकडे वळवला. तारीख दसऱ्याच्या नंतरच्या सोमवारची होती. फाईलच्या नावापुढे तिचंच नाव होतं. तिनं मेसेज बदलून बनवलेली ती पहिली फाईल. त्याआधीच्या सगळ्या जड, तिच्यापासून पुढच्या सगळ्या हलक्या.

दारात अमृतशेठ उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"छान वजन केलंत, भीमराज," ते म्हणाले. "आता पाच वाजायची वाट कशाला बघायची?"

५

भीमराजांनी हात जोडले. "शेठ, पाच म्हणजे पाच. शब्द दिलाय तुमी."

शेठ पाय आपटत गेले. सीमा भिंतीला टेकून खाली बसली. भीमराजांना आता खरोखर काही कळेना. पोरगी खोटं बोलत नव्हती असं मन सांगत होतं आणि तराजू नेमका उलटं सांगत होता. आयुष्यभर त्यांनी तराजूवर विश्वास ठेवला होता. मग त्यांना वाटलं, दुकानात आपण आणखी एक गोष्ट करायचो. मोटर हलकी भरली तर आधी तराजू तपासायचो.

"सीमा, ऊठ. तुझा बदल सोड. तुझ्या आधीचा, पार्थचा जुना कोड हाय का?"

"आहे. प्रत्येक जुना कोड जपलेला असतो."

"तो जसाच्या तसा आज ह्या मशीनमधनं काढ."

सीमानं पितृपक्षातला कोड घेतला; पार्थ गेल्यावरही तोवर तो तसाच होता. तेव्हा ह्याच मशीनमध्ये त्याची फाईल दोनशे बारा भरली होती. मशीन चार मिनिटं घरघरलं. दोघांनी पडद्याकडे पाहिलं.

दोनशे सहा.

"म्हणजे कोडचा काय दोष न्हाई," भीमराज सावकाश म्हणाले. "जुना चांगला कोडबी आज हलकाच निघतोय. मशीनलाच काय तरी झालंय. त्यातनं निघताना ह्या ओळी गळत्यात. पण मशीन आपल्या मनानं ओळी गाळतंय कशाला?"

सीमाचा चेहरा बदलला. "गाळायची सोय आहे, काका. थोरला आणि धाकटा, दोन्हींचा कोड एकच आहे. ह्या एकवीस ओळी फक्त थोरल्याला लागतात. धाकट्याची मोटर आधीच कमी करंट घेते, तिला ह्या ओळी लावल्या तर ती सारखी बंद पडेल. म्हणून ओळींच्या वर आणि खाली एकेक खूण आहे. अमुक शब्द सांगितलेला असेल तरच ह्या ओळी घ्या, नाहीतर वगळा."

"नीट सांग."

"लग्नातल्या आचाऱ्याला यादी दिली आणि त्यात लिहिलं, 'पाहुण्यांना चालत असेल तर आमटीत लसूण घाला.' पाहुण्यांना चालतं की नाही हे कोणी सांगितलंच नाही, तर आचारी काय करतो? लसूण घालत नाही. आणि विचारायलाही येत नाही. आमटी होते, पंगत उठते, सगळं नीट झालंय असंच वाटतं."

"मग थोरल्याच्या वेळी शब्द कोण सांगतं?"

सीमा उत्तर द्यायला गेली आणि थांबली. "माझ्या लॅपटॉपवर मी सांगते. पहिल्या दिवशी पार्थनं एका फाईलमध्ये तो शब्द लिहून ठेवायला लावला होता. तेव्हापासून तो तिथं आहे, मी विसरूनही गेले होते. पण ह्या मशीनला..." तिनं ओठ चावला. "ह्या मशीनला कोण सांगतं, हे मी कधी विचारलंच नाही."

तिनं पार्थला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"तो शब्द?" पार्थचा आवाज आला. "मी त्या मशीनच्या पडद्यावर एक काळी खिडकी उघडून त्यात टाईप केला होता. खिडकी चालू आहे तोपर्यंत मशीनच्या लक्षात राहतो. धाकट्याची फाईल दुसऱ्या खिडकीत बनते, म्हणून घोळ नाही होत. घाईत केलं होतं, नीट करायचं राहून गेलं."

"आन् मशीन बंद केलं तर?" भीमराजांनी विचारलं.

"तर शब्द गेला, काका. मशीन परत चालू केलं की दोन्ही खिडक्या आपोआप उघडतात, काम सुरू होतं, पण शब्द नसतो. एरर येत नाही, काही नाही. म्हणून तर मी त्याच्या कपाळावर एवढा मोठा कागद चिकटवला होता, 'हे मशीन बंद करू नये.' आहे ना कागद?"

भीमराजांनी मशीनकडे पाहिलं. चिकटपट्टीचे चार डाग होते आणि मध्ये ते पिवळट.

"कागद न्हाई," ते म्हणाले.

६

मग सगळ्यांना विचारून झालं. मशीन कोणी बंद केलं? जयमालाताई म्हणाल्या, कोणी नाही. टेबलावरच्या बायका म्हणाल्या, कोणी नाही. शेठ फोनवरूनच ओरडले की त्या खोलीत कामाशिवाय कोणी जात नाही. वीज गेली असेल म्हणावं तर इन्व्हर्टर भीमराजांनी स्वतःच्या हातानं बसवलेला, त्यानं आजवर दगा दिला नव्हता. साडेचार वाजले होते. बंद न झालेलं मशीन बंद झालं होतं आणि कागद पाय फुटून निघून गेला होता.

भीमराज मशीनसमोर स्टुलावर बसले. दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी त्याच्या मागच्या पंख्याची जाळी काढली. कुठल्याही यंत्रापुढं हात टेकले की ते आधी धूळ साफ करायचे. धुळीचा गोळा निघाला, आणि त्याबरोबर केशरी रंगाचं काहीतरी वाळकं चुरचुरीत बाहेर आलं.

झेंडूची पाकळी होती ती.

त्यांनी ती तळहातावर घेतली. मग वळून कपाळपट्टीवरचा पिवळा डाग पुन्हा पाहिला. रस्सा कसला, हळद होती. आणि त्यांना स्वतःचंच हसू आलं. चौदा वर्षं ते ह्या कंपनीत होते आणि चौदाही वर्षं दसऱ्यासाठी आदल्या दिवशीच घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर निघत होते. नवमीच्या दिवशी कंपनीत काय होतं हे त्यांनी एकदाही पाहिलेलं नव्हतं. आणि ज्यांनी दरवर्षी पाहिलं होतं, त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

"जयमालाताई!" त्यांनी हाक मारली. "तुमची पूजेची थाळी आना, आन् त्याबरुबर जे काय असंल ते सगळं."

पाचला पाच कमी असताना चौघंजण केबिनमध्ये जमले. टेबलावर ते पत्र, पत्रावर पेन. भीमराजांनी पाकळी पत्रावर ठेवली.

"शेठ, खंडेनवमीला तुमी काय करता?"

"काय म्हणजे? शस्त्रपूजा. सगळी मशिनं पुसायची, हळदकुंकू, झेंडू, नारळ. बापाच्या वेळेपासून चालत आलंय."

"चालू मशीनची पूजा करता का?"

"छे! त्या दिवशी यंत्राला विश्रांती द्यायची असते. बंद करून, पुसून मग..." शेठ थांबले.

"भटारखान्यातलं मशीनबी?"

"पार्थसायब सनाला गावी जाताना त्या खोलीला कुलूप घालून जायचे," जयमालाताई हळूच म्हणाल्या. "औंदा ते नव्हते, सीमाताईबी सनाला गावी गेल्त्या. शेठ म्हनले, ह्या बिचाऱ्याला कधी पूजाच मिळाली न्हाई. लई समाधान वाटलं हुतं आमाला."

"ताई, म्या तुमाला इचारलं तेव्हा तुमी म्हनला कुनी हात लावला न्हाई."

"पूजेचा हात म्हंजे हात लावनं हाय का भाऊ?" जयमालाताईंना खरंच कळत नव्हतं.

भीमराजांनी थाळी उचलली. निरांजनाखाली चौपदरी घडी केलेला कागद होता. मशीनवर तेल सांडू नये म्हणून त्या दिवशी कोणीतरी तो खाली घातला होता, आणि तो तसाच थाळीबरोबर कपाटात गेला होता. त्यांनी घडी उलगडली. मधोमध तेलाचं वर्तुळ, आणि त्यातून दिसणारी पार्थची मोठी अक्षरं, 'हे मशीन बंद करू नये.'

"तुमी सगळ्यांना इचारलं शेठ, मशीन कुनी बंद केलं," भीमराज म्हणाले. "एका मानसाला इचारायचं तेवढं राहिलं."

अमृतशेठ खुर्चीत बसले. त्यांनी तो तेलकट कागद हातात घेतला. "बटण मीच दाबलं," ते म्हणाले. "कुंकवाला जागा नव्हती म्हणून कागदही मीच काढला. वाचलासुद्धा. म्हटलं, आज सण आहे, एक दिवसानं काय होतंय." त्यांनी वर पाहिलं. "सीमा, मी तुझं वाटोळं करायला निघालो होतो गं. माझं चुकलं."

सीमा रडत होती, पण मान हलवत होती. "माझंही चुकलं, शेठ. माझ्या लॅपटॉपला शब्द लागतो हे मला माहीत होतं. मग मशीनला कोण सांगतं, हे मी विचारायला हवं होतं. टेस्टसुद्धा मी लॅपटॉपवरच्या फाईलची केली, मशीनमधल्या फाईलची नाही."

"आता काय करायचं?" शेठनी विचारलं. चौदा वर्षांत भीमराजांनी त्यांना असं विचारताना पहिल्यांदाच ऐकलं.

सीमानं डोळे पुसले आणि लॅपटॉप ओढला. अर्धा तास ती लिहीत होती. मग तिनं समजावून सांगितलं. थोरल्याचा शब्द आता थोरल्याच्या फाईलमध्येच लिहिलेला राहील, धाकट्याचा धाकट्याच्या, आणि ते सगळ्यांना दिसेल. शिवाय आणखी एक ओळ. कोणी काहीच सांगितलं नसेल तर मशीननं गुपचूप ओळी वगळायच्या नाहीत. काम थांबवायचं आणि बोंब मारायची.

"दाखव," शेठ म्हणाले.

चौघं भटारखान्यात गेले. सीमानं मुद्दाम तो शब्द पुसला. शेठनी स्वतः पुढं होऊन बटण दाबलं, मशीन बंद केलं आणि परत चालू केलं. काळी खिडकी उघडली, काम सुरू झालं, आणि लगेच पडदा लाल झाला. 'थोरला की धाकटा? सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही.' जयमालाताईंनी टाळी वाजवली. मग सीमानं शब्द परत लिहिला, शेठनी परत बटण दाबलं, आणि ह्या वेळी फाईल बाहेर पडली. दोनशे बारा केबी. जयमालाताईंनी ती एका थोरल्यात भरली, भीमराजांनी तिघांदेखत तीन बल्ब काढले आणि वीस सेकंदांनी चौथा विझला.

"दोनशे चाळीस डबे परत आणायचे," शेठ म्हणाले. "छबूबाईंकडे नवी मोटर घेऊन मी येतो तुमच्याबरोबर, भीमराज. त्यांच्या शिव्या मीच खातो." मग ते जरा घुटमळले. "आणि पुढच्या नवमीला? मशीन बंद करायचं की नाही?"

सीमा केबिनमध्ये गेली आणि सही न झालेलं पत्र घेऊन आली. तिनं ते उलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूवर मार्करनं मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं, आणि चिकटपट्टीच्या त्याच चार डागांवर तो कागद नीट चिकटवला.

भीमराजांनी चष्मा चढवून वाचलं.

'हे मशीन खुशाल बंद करा. — सीमा.'